लिनक्सवर पीसी अचानक अडकतो, तेव्हा हार्डवेअरमधला दोष कसा शोधायचा

परळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. काही वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी: रायझन ५ १६००, बी३५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी, जोडीला जुनी १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). त्यावर उबुंटू ही लिनक्स सिस्टिम. गेल्या काही आठवड्यांपासून आठवड्यातून दोन-तीनदा स्क्रीन आहे तशी थांबते, माउस हलत नाही आणि पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज राहत नाही. कधी गाणी ऐकताना होतं, कधी पीसी नुसता चालू ठेवून जेवायला बसल्यावर. उबुंटू तीनदा नव्याने टाकून झालं, फरक नाही. दुकानदार म्हणतो, लिनक्समुळे होतंय, विंडोज टाका, नाहीतर मदरबोर्ड बदला.

आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या, बाहेरच्या डिस्कवर. दुसरं, सिस्टिम पुन्हा टाकणं थांबवा. प्रत्येक वेळी फॉरमॅट करताना मागच्या अडकण्याचा लॉगही पुसला जातो, म्हणजे जो काही पुरावा होता तो आपणच फेकून देतो. आणि तिसरं, आत्ताच काहीही विकत आणू नका. अशा तक्रारीत लोक आधी रॅम बदलतात, मग एसएसडी, मग बोर्ड, आणि शेवटी कळतं की दोष बायोसमधल्या (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) एका सेटिंगचा होता. पीसी अडकतो त्या क्षणी त्यातलं नेमकं काय मेलंय आणि काय जिवंत आहे, हे कळलं की निम्मं काम होतं. ते कळायला पैसे लागत नाहीत, पण तयारी आधी करून ठेवावी लागते.

तयारी अशी. पीसीवर ओपनएसएसएच सर्व्हर टाका (एसएसएच म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कने पीसीत लॉगिन करायची सोय), राउटरमध्ये त्याचा आयपी पक्का करा आणि फोनवर टर्मक्ससारखं अ‍ॅप घेऊन त्यातून एकदा लॉगिन करून पाहा. मग कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, सिस-रिक्वेस्ट सोय (कीबोर्डवरून थेट कर्नलला हुकूम देण्याची) पूर्ण चालू करा: सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) 'कर्नल.सिसआरक्यू' ची किंमत १. उबुंटूवर ती मुळात १७६ असते, त्यामुळे तिच्यातले सिंक, रीमाउंट आणि रीबूट एवढेच भाग चालतात, बाकीचे बंद. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.)

आता पुढच्या वेळी पीसी अडकला की लगेच पॉवर बटणाकडे हात नेऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि हे पाहा.

कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो का? लागला तर डेस्कटॉप बऱ्यापैकी जिवंत आहे. नाही लागला तर मात्र 'सगळं मेलं' असा निष्कर्ष काढू नका. ग्राफिकल डेस्कटॉपवर तो दिवा डिस्प्ले सर्व्हरच्या हातात असतो, त्यामुळे नुसतं ग्राफिक अडकलं तरी दिवा लागत नाही. ही चाचणी सगळे सांगतात, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. फोनवरून पिंग करून (पीसी नेटवर्कवर उत्तर देतो का ते) पाहा, मग एसएसएच. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, त्याला डिस्क लागत नाही की एखादा प्रोग्राम लागत नाही. एसएसएचने लॉगिन व्हायला मात्र डिस्कवरून फायली वाचाव्या लागतात, नवी प्रोसेस उभी राहावी लागते. म्हणून पिंग चालतो पण एसएसएच लटकतो, असं दिसलं की संशय डिस्कवर किंवा संपलेल्या मेमरीवर. दोन्ही चालले आणि फक्त स्क्रीन थिजली, तर ग्राफिक कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. दोन्ही बंद, सिस-रिक्वेस्टलाही दाद नाही, तर सीपीयू, रॅम, बोर्ड किंवा वीजपुरवठा यांच्यापैकी कोणीतरी. आणि गाणं चालू असताना अडकून अर्ध्या सेकंदाचा तोच तुकडा घरघरत पुन्हा पुन्हा वाजत राहिला, तर तीही खूण लक्षात ठेवा: साउंड चिप आपल्या बफरमधलं जुनंच वाजवतेय, पण त्यात नवं भरायला सीपीयू येत नाहीये.

सिस-रिक्वेस्टसाठी आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एकेक अक्षर, मध्ये दोन-तीन सेकंद सोडून: आर, ई, आय, एस, यू, बी. शेवटच्या 'बी' ला पीसी रीबूट झाला तर कर्नल तोवर ऐकत होता. त्याआधी एकदा 'एफ' दाबून पाहा. त्याने कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम मारतो. 'एफ' नंतर अर्ध्या मिनिटात पीसी भानावर आला तर हार्डवेअरचा शोध तिथेच थांबवा. ब्राउझरच्या टॅबांनी रॅम भरली होती, स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) त्या जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर ती घासत बसली होती, बाकी काही नाही. त्याची खूण म्हणजे कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सलग पेटलेला असतो.

रीबूट झाल्यावर लॉग. 'जर्नलसीटीएल -के -बी -१' म्हणजे मागच्या बूटमधले कर्नलचे संदेश. सोबत '-ई' दिलं की थेट शेवटावर जाता येतं. इथे एक बारकावा आहे जो फार कमी जणांना माहीत असतो: सिस्टिमडीचा जर्नल, म्हणजे हे लॉग साठवणारी सोय, नेहमीचे संदेश ताबडतोब डिस्कवर पक्के करत नाही. मूळ सेटिंग ५ मिनिटांचं आहे. फक्त 'क्रिटिकल' आणि त्यावरच्या पातळीचे संदेश लगेच पक्के होतात. म्हणजे पीसी अडकण्याआधीच्या शेवटच्या, सगळ्यात मोलाच्या ओळी गायब असू शकतात. जर्नलडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'सिंक इंटरव्हल' ५-१० सेकंदांवर आणा. शोध संपला की परत पूर्ववत करा, एसएसडीवर उगाच लिखाण नको.

त्याहून भरवशाचं म्हणजे संदेश पीसीच्या बाहेर नेणं. घरात दुसरा लॅपटॉप असेल तर त्यावरून एसएसएच करून 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवा आणि ती खिडकी तशीच राहू द्या. पीसीची डिस्कच मेली असेल तर लॉग लिहिणार कुठे? पण या खिडकीत डिस्कच्या तक्रारीच्या ओळी येऊन पडलेल्या असतात. कर्नलमध्ये नेटकन्सोल नावाची सोय आहे, ती कर्नलचे संदेश यूडीपीवरून थेट दुसऱ्या मशीनला पाठवते, मधे एसएसएचही लागत नाही. वाय-फायवर ती चालत नाही, पीसीला केबलच लावावी लागते.

लॉगमध्ये काय शोधायचं? 'एमसीई' आणि 'हार्डवेअर एरर' हे शब्द आले तर सीपीयूने स्वतः तक्रार नोंदवली आहे. रासडेमन हा प्रोग्राम बसवलात तर ती तक्रार वाचता येईल अशा भाषेत साठते. 'एनव्हीआरएम: एक्सआयडी' म्हणजे एनव्हिडिया कार्ड. 'एटीए' नंतर आकडा आणि 'हार्ड रीसेटिंग लिंक' म्हणजे साटाची डिस्क किंवा केबल. 'टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' म्हणजे कोणीतरी डिस्कची वाट पाहत ताटकळलंय. 'सॉफ्ट लॉकअप' म्हणजे सीपीयूचा एक कोअर २० सेकंदांहून जास्त एकाच जागी फिरत राहिला, आणि तो बऱ्याचदा ड्रायव्हरचा दोष असतो. आणि काहीच नसेल, चालू कामाच्या मधेच लॉग तुटलेला असेल, तर तोही पुरावाच आहे. सॉफ्टवेअरचा दोष सहसा मरता मरता काहीतरी बोलून जातो. एका शब्दाशिवाय तुटलेला लॉग वीजपुरवठा, रॅम, सीपीयू आणि बोर्ड या चौघांकडे बोट दाखवतो.

सोबत एक वही ठेवा. वेळ, त्या वेळी काय चाललं होतं, खोलीत पंखा होता की एसी, इमारतीचा पाण्याचा पंप नुकताच सुरू झाला होता का, पाऊस होता का. 'कधीही अडकतो' असं म्हणणाऱ्यांच्या वहीत सात-आठ नोंदी झाल्या की त्यात काहीतरी सूत्र दिसू लागतं. तुमच्या प्रश्नातच एक सूत्र आहे आणि ते तुमच्या नजरेतून निसटलंय: गाणी ऐकताना, जेवायला गेल्यावर. गेम खेळताना नाही, व्हिडिओ रेंडर करताना नाही. तुमचा पीसी कामाखाली नाही, रिकामा असताना अडकतो.

आणि रायझन ५ १६०० हा पहिल्या पिढीचा रायझन, २०१७ मधला. त्या पिढीची लिनक्सवर रिकामं असताना अडकण्याची तक्रार जगभर नोंदली गेली होती. सीपीयूला काम नसलं की तो झोपेच्या पायऱ्या उतरतो, त्यातली खोल पायरी म्हणजे सी६. तिथे तो इतका कमी करंट ओढतो की काही एसएमपीएसना १२ व्होल्टची लाइन स्थिर ठेवणं जमत नाही. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलपासूनच अशा जवळजवळ शून्य लोडला तोंड देण्याची अपेक्षा एसएमपीएसकडून होऊ लागली, पण स्वस्तातल्या डिझाइनमध्ये ती सुधारणा उशिरा आली, काहींत आलीच नाही. म्हणून नंतरच्या बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असा पर्याय दिला गेला. तो 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवला की सीपीयू झोपेतही थोडा जास्त करंट ओढत राहतो.

म्हणून तुमची पहिली पायरी ही. बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. ते चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएसवर करा आणि मधे हात लावू नका. मग तो पर्याय शोधा, बहुधा अ‍ॅडव्हान्स्डखाली 'एएमडी सीबीएस' मध्ये असतो. सापडला नाही तर 'ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल' बंद करून पाहा. त्याने वीज थोडी जास्त जाईल, पण चाचणी म्हणून चांगलं. पैसा एकही लागत नाही.

आता वाट किती पाहायची? इथे बहुतेक जण घसरतात. एक बदल केला, दोन दिवस बरे गेले, 'सुटला' म्हणून जाहीर केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा अडकला, मग चिडून एकदम तीन गोष्टी बदलल्या. हिशेब सोपा आहे. तुमचा पीसी सरासरी तीन दिवसांतून एकदा अडकतो. अडकणं असंच स्वैरपणे येत असेल तर काहीही न बदलतासुद्धा नऊ दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, आणि तीन दिवस शांत जाण्याची तब्बल ३७ टक्के. म्हणून सरासरी अंतराच्या तिप्पट काळ, तुमच्या बाबतीत नऊ-दहा दिवस, नीट गेल्याशिवाय कोणत्याही बदलाला श्रेय देऊ नका. आणि एका वेळी एकच बदल. हे कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे, पण न थांबल्यामुळे चांगले बोर्ड आणि चांगल्या रॅम भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

बायोसच्या बदलाने फरक पडला नाही तर पुढचा संशयित एसएमपीएस. डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण असेंबल करताना पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते. बिलात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दिसतं, एसएमपीएसची कंपनी कोणी विचारत नाही. मल्टिमीटर असेल तर मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत १२ व्होल्ट मोजा, एकदा पीसी रिकामा असताना आणि एकदा पूर्ण लोडवर. ११.४ ते १२.६ च्या आत हवं. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. आकडा बाहेर गेला तर दोष नक्की. आत आला तर मात्र एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण सेकंदाच्या हजाराव्या भागात होणारे खड्डे मल्टिमीटरला दिसत नाहीत, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. 'सेन्सर्स' कमांड जे व्होल्टेज दाखवते त्यावर तर अजिबात जाऊ नका, बऱ्याच बोर्डांवर ते आकडे चुकीच्या गुणकाने येतात. खरी चाचणी एकच: ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस दहा दिवसांसाठी मागून आणणं. जुना एसएमपीएस स्वतः उघडू नका. २३० व्होल्टची एसी सरळ केली की आतल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात.

वीज घरापर्यंत कशी येते हेही पाहा. परळला बेस्टचा पुरवठा तसा भरवशाचा, पण जुन्या चाळीतलं आतलं वायरिंग वेगळी गोष्ट. कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी असताना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायच्या ऐवजी पत्र्यावर येतेय. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, पीसीचं नंतर. यूपीएस जुना असेल तर त्याला वगळून थेट सॉकेटवर काही दिवस चालवून पाहा. यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांची फट पडते. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, कॅपॅसिटर थकलेला धरत नाही. अर्थात अशा फटीने पीसी बहुधा अडकत नाही, तडक रीस्टार्ट होतो. वहीत 'अडकला' आणि 'स्वतःहून रीस्टार्ट झाला' या नोंदी वेगळ्या ठेवायच्या त्या यासाठी.

रॅमबद्दल सविस्तर, कारण मुंबईत ती स्वतंत्र कहाणी आहे. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही (नव्या पद्धतीच्या बायोसवरही) चालतो, त्यामुळे जुन्या आवृत्तीसारखी बायोसमध्ये लेगसी मोडची खटपट नको. रात्री लावून झोपा, किमान चार पास (पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी दोष आहे, 'एकच तर एरर आहे' असं म्हणून सोडू नका. उलट, एकही एरर आली नाही तरी रॅम पूर्णपणे सुटली असं नाही. मेमटेस्ट चालताना ग्राफिक कार्ड आणि डिस्क शांत असतात, कॅबिनेट थंड असतं. म्हणून त्यानंतर उबुंटूवर स्ट्रेस-एनजी हा ताण देणारा प्रोग्राम 'व्हेरिफाय' पर्यायासह काही तास चालवा.

एरर आली तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून पुन्हा पाहा. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२, पण एक्सएमपीच्या ३२०० वाल्या प्रोफाइलमध्ये ते बऱ्याचदा १.३५ असतं, म्हणजे ते कारखान्यातून ठरवून दिलेलं ओव्हरक्लॉकिंगच. रायझन ५ १६०० च्या मेमरी कंट्रोलरची अधिकृत मर्यादा २६६७ आहे. त्यावर ३२०० चालली तर आनंद, नाही चालली तर रॅम खराब म्हणता येत नाही. २६६६ वर ठेवा, फरक जाणवणारही नाही. एक्सएमपी बंद करूनही एरर येत असेल तर एक-एक स्टिक लावून पाहा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये. दोन्ही एकत्र असताना मेमटेस्टने दाखवलेल्या पत्त्यावरून स्टिक ओळखू नका, दोन चॅनेलमध्ये डेटा विणलेला असतो. चांगली ठरलेली स्टिक मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोष स्टिकबरोबर फिरतो की स्लॉटपाशी राहतो, एवढंच पाहायचं आहे.

माहीमला समुद्रालगत तळमजल्यावर एका हिशेबनिसांचं ऑफिस आहे. तिथला एक पीसी दर पावसाळ्यात अडकायचा आणि दिवाळीनंतर आपोआप बरा व्हायचा. रॅम काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली तर सोनेरी पट्ट्यांपैकी टोकाच्या सात-आठ पट्ट्यांवर धुरकट पापुद्रा होता, आणि दोन पट्ट्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा हिरवट ठिपका. खारी हवा, वर जुलैची आर्द्रता. स्लॉटमधल्या स्प्रिंगचा त्या पापुद्र्यावरचा संपर्क कधी लागायचा, कधी सुटायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड यांनी पट्ट्या पुसल्या, स्लॉट ब्रशने साफ केला आणि मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ गेला. आपल्याकडे सर्रास खोडरबर घासतात. लगेच फरक पडतो खरा, पण त्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, खोडरबराने तो झिजतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी लवकर धरतो. शिवाय रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. अल्कोहोलच वापरा. आणि पुसल्यावर पीसी नीट चालायला लागला तरी पंधरा मिनिटांत विजयी होऊ नका, वरचा दहा दिवसांचा नियम इथेही लागू.

डिस्कचा संशय असेल, म्हणजे माउस हलतो, उघडलेली खिडकी चालते पण नवीन काहीच उघडत नाही, तर 'स्मार्टसीटीएल -ए' ने दोन्ही डिस्कच्या तब्येतीचे आकडे पाहा. हार्ड डिस्कसाठी तीन ओळी: ५ क्रमांकाची 'रीअ‍ॅलोकेटेड', १९७ ची 'पेंडिंग' आणि १९८ ची 'अनकरेक्टेबल'. १९७ शून्यावर नसेल तर डिस्क काही जागा वाचताना अडखळतेय, आणि त्या प्रत्येक अडखळण्यात कर्नल ३० सेकंद वाट पाहतो. बॅकअप घेऊन डिस्क बाजूला करा. चौथी ओळ १९९, 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट'. ही जवळजवळ नेहमी केबलची तक्रार असते. दादरच्या एका क्लासमधल्या पीसीची एसएसडी 'खराब' म्हणून बदलायला काढली होती. बाकीच्या ओळी स्वच्छ, १९९ मात्र रोज वाढतेय. साटा केबल कॅबिनेटच्या दारामागे काटकोनात दुमडून दाबली गेली होती, दार लावलं की लिंक रीसेट व्हायची, दार उघडून तपासायला घेतलं की सगळं ठीक. नवी केबल टाकल्यावर आकडा जिथे होता तिथे थांबला. हा आकडा कधी शून्यावर परत येत नाही, म्हणून आज किती आहे ते लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. तुम्ही नुसती ती जुनी १ टीबी डिस्क काही दिवस काढूनही ठेवू शकता. सिस्टिम तिच्यावर नसली तरी तिच्या एका अडखळण्याने फाइल मॅनेजरपासून सगळं लटकू शकतं.

तुमच्याकडे एनव्हीएमई (बोर्डवरच बसणारी वेगवान एसएसडी) नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी: लॉगमध्ये 'कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट' दिसलं तर दरवेळी एसएसडी मेलेली नसते. काही मॉडेलना झोपेतून उठणं जमत नाही. 'एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस' ही कर्नलची किंमत ० करून पाहा, त्याने ती झोप बंद होते.

ग्राफिक कार्डाचं झटपट सांगतो. एक्सआयडी (एनव्हिडिया ड्रायव्हरचा एरर क्रमांक) ७९, 'जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस', म्हणजे कार्ड पीसीआय बसवरून गायब झालं. कारणं बहुधा वीज, उष्णता किंवा स्लॉटमध्ये लोंबकळणारं कार्ड. एक्सआयडी १३ किंवा ३१ असेल तर आधी प्रोग्राम आणि ड्रायव्हर तपासा. तुमच्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक नाही, त्यामुळे कार्ड काढून चालवता येणार नाही, कोणाचं तरी जुनं कार्ड लावूनच पाहावं लागेल.

उष्णतेबद्दल लोक सर्वात आधी बोलतात, मी शेवटी बोलतोय, कारण आजचे सीपीयू तापले की अडकत नाहीत, वेग कमी करतात, आणि फारच तापले तर बंद पडतात. पण बोर्डवरच्या सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागांना बऱ्याचदा सेन्सरच नसतो, आणि मे महिन्यात बंद खोलीत कॅबिनेट भिंतीला टेकून असेल तर तेच आधी दमतात. चाचणी फुकट आहे: कॅबिनेटचं दार काढा, टेबल फॅन आत वारा जाईल असा लावा, दहा दिवस. अडकणं थांबलं तर धूळ, पंखे, पेस्ट हे पाहा. तुमची तक्रार रिकामं असतानाची आहे, त्यामुळे इथे मला फारशी आशा नाही.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे प्रोसेसर वेगळे आहेत त्यांनी दोन कुटुंबं लक्षात ठेवा. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतले सेलेरॉन जे१९००, एन२८४० वगैरे, जे छोट्या दुकानांच्या बिलिंग मशीनमध्ये आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये भरपूर आहेत. यांचीही झोपेचीच तक्रार, आणि 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा कर्नल पर्याय वर्षानुवर्षं त्यांचा उतारा राहिला आहे. दुसरं, इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले मोठे डेस्कटॉप प्रोसेसर. जास्त व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सुधारित सॉफ्टवेअर) दिला आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत करा, पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. तक्रार सुरू असेल तर वॉरंटीत बदलून मागा.

आता दुकानदाराच्या 'लिनक्समुळे' ला उत्तर. त्यात तथ्य असू शकतं, ते तपासायचा मार्ग आहे: जुना एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल ग्रबमधून (बूटच्या वेळच्या मेनूतून) निवडून चालवा, किंवा वेगळ्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या) लाइव्ह पेनड्राइव्हवर, एसएसडीची वायर काढून, पीसी तसाच रिकामा चालू ठेवा. दोन वेगळ्या कर्नलवर, डिस्कशिवायही अडकला, तर सॉफ्टवेअरला दोष देता येत नाही. विंडोज टाकून पीसी अडकला नाही तरी हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण दोन्ही सिस्टिम सीपीयूला वेगवेगळ्या पद्धतीने झोपवतात.

एसएमपीएस घ्यायची वेळ आली तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा, पण आधी मॉडेल ठरवून जा. दुकानात उभं राहून 'चांगला ४५० चा द्या' म्हटलं की जो शिल्लक असेल तो हातात येतो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्र (वीज कमी वाया घालवण्याचं) असलेला, पाच वर्षं वॉरंटीचा घ्या आणि पक्कं बिल मागा, वॉरंटी बिलावर चालते. तुमच्या कार्डाला आणि प्रोसेसरला ४५० वॅट भरपूर आहेत, ७५० वॅटवर पैसे घालू नका.

बायोसचा पर्याय, उसना एसएमपीएस, एक-एक रॅम, डिस्कशिवाय लाइव्ह पेनड्राइव्ह, हे सगळं दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने करूनही अडकत असेल, तेव्हा कुठे मदरबोर्डची पाळी. सीपीयू सॉकेटभोवतीच्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलंय का ते टॉर्च लावून पाहा, सगळी सपाट हवीत. बोर्ड बदलायचाच झाला तर बी४५० शोधा, वापरलेला चालेल. बी५५० घेऊ नका, पहिल्या पिढीचा रायझन त्यावर अधिकृतरीत्या चालत नाही. बी४५० वर तुमचा १६०० चालेल, आणि पुढे कधी ऐपत झाली तर बायोस अद्ययावत करून त्याच बोर्डवर ५००० मालिकेतला रायझनही बसेल.